केबलकार्ड मिळेनासं झालंय, जुने रेकॉर्डर चालू कसे ठेवायचे?

रानवारा

नमस्कार मंडळी,

अमेरिकेत ज्यांच्या घरी अजून केबल आहे आणि टिव्होसारखा स्वतःच्या मालकीचा रेकॉर्डर आहे अशा लोकांशी बोलायचंय. बाकीच्यांनीही वाचा, कारण प्रश्न एका डब्यापुरता नाहीये.

आमच्याकडे टिव्हो रोमिओ प्लस आहे. २०१४ च्या दिवाळीत घेतला, सोबत लाइफटाइम घेतलं म्हणजे महिन्याची फी नाही. सहा ट्यूनर म्हणजे एका वेळी सहा चॅनल रेकॉर्ड होतात, एक टीबीची डिस्क. इतकी वर्षं झाली तरी रेकॉर्डर ठणठणीत आहे. अडलंय ते त्याच्या पोटातल्या केबलकार्डावर.

ज्यांनी हे कार्ड पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. पूर्वी लॅपटॉपच्या कडेला एक जाडसर कार्ड जायचं ना, पीसीएमसीआयए म्हणायचे, तसंच दिसतं. पत्त्याच्या पानापेक्षा थोडं लहान, धातूचं कवच, एका कडेला ६८ बारीक भोकं आणि पाठीवर बारकोडचं लेबल. केबलवरून येणारी चॅनल एन्क्रिप्ट केलेली, म्हणजे कुलूपबंद असतात, ती उघडायची किल्ली या कार्डात. कार्ड केबल कंपनीच्या मालकीचं, भाड्याने मिळतं, रेकॉर्डर आपला. कार्ड नसेल तर रेकॉर्डर कितीही चांगला असो, पडदा काळा.

गेल्या महिन्यात वादळात रात्रभर लाइट गेली, सकाळी आली तेव्हा जवळजवळ सगळी चॅनल काळी. कंपनीला फोन केला तर पहिल्या मुलीला केबलकार्ड म्हणजे काय तेच माहीत नव्हतं, ती मला सारखी इंटरनेटचा राउटर रीस्टार्ट करायला सांगत होती. दुसऱ्याने सांगितलं की नवीन कार्डं देणं आम्ही बंद केलंय, तुम्ही आमचा बॉक्स घ्या. दुकानात गेलो तर तिथल्या माणसाने बिचाऱ्याने दोन खण उपसून पाहिले, एकही कार्ड नाही. जुनं इथे जमा करून टाका म्हणाला. मी जमा केलं नाही, परत घेऊन आलो.

आता मला एवढी कळकळ का, तर नोव्हेंबरात आई-बाबा सहा महिन्यांसाठी येतायत. भारतातली कसोटी हिवाळ्यात आमच्याकडे रात्री ११ वाजता सुरू होते. बाबा साडेपाचला उठतात, चहा ठेवतात, आणि रात्रभर रेकॉर्ड झालेली मॅच पहिल्या चेंडूपासून बघायला बसतात, जाहिरात आली की पुढे, विकेट पडली की मागे. बाबांना मोबाइलवरचं कुठलंच ॲप नीट जमत नाही पण टिव्होचा तो शेंगदाण्याच्या आकाराचा रिमोट त्यांना अंधारातही वापरता येतो, बटण दाबल्यावर तो टुंग आवाज येतो ना, त्यावरून त्यांना कळतं की दाबलं गेलं. स्कोअर कुणी आधी सांगायचा नाही हा घरातला नियम. गेल्या तीन हिवाळ्यांतली त्यांची प्रत्येक सकाळ अशी गेली आहे.

तर विचारायचं हे की कार्ड खरंच मेलंय का हे कसं ओळखायचं, दुसरं कार्ड कुठून मिळेल का, आणि सगळंच बंद पडणार असेल तर आत्ताच काय करून ठेवावं?

---

बारा_व्होल्ट

रानवारा, कार्ड परत दिलं नाहीत हे फार बरं केलंत. सगळ्यांनी हे लक्षात ठेवा, चालू असलेलं किंवा नुसतं रुसलेलं कार्ड दुकानात ठेवून येऊ नका. एकदा खात्यावरून निघालं की परत मिळेलच असं नाही.

माझा अंदाज, कार्ड मेलेलं नाही, पेअरिंग म्हणजे कार्ड आणि रेकॉर्डरची जोडणी तुटलीय. मी पूर्वी केबलच्या हेडएंडवर, म्हणजे कंपनी जिथून चॅनल तारेवर सोडते तिथे, काम केलंय म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कार्डाचा स्वतःचा एक नंबर असतो, रेकॉर्डरचा एक नंबर असतो त्याला होस्ट आयडी म्हणतात, आणि दोघांच्या जोडीतून तिसरा नंबर तयार होतो तो डेटा आयडी. हे तिन्ही कंपनीच्या सिस्टीममध्ये तुमच्या खात्यावर बरोबर टाकलेले असले तरच महागडी आणि कॉपीवर बंधन असलेली चॅनल उघडतात. म्हणून एका रेकॉर्डरचं कार्ड काढून दुसऱ्यात घातलं की काळा पडदा, कारण जोडी बदलली. कार्ड तेच, होस्ट वेगळा.

आता करायचं काय, सेटिंगमध्ये केबलकार्डच्या मेनूत जा, कार्ड मोटोरोलाचं असेल तर कंडिशनल ॲक्सेस नावाची स्क्रीन असते. तिथे ‘व्हॅल’ लिहिलेलं असतं आणि पुढे ‘व्ही’ असेल तर पेअरिंग ठीक आहे, प्रश्नचिन्ह असेल तर नाही. स्क्रीन उघडते आहे म्हणजे कार्ड जिवंत आहे. मेलेलं कार्ड असेल तर रेकॉर्डरला कार्ड घातल्याचंच कळत नाही.

तिन्ही नंबरांचा मोबाइलवर स्वच्छ फोटो काढून ठेवा, आत्ता लगेच, ज्यांचं सगळं व्यवस्थित चालू आहे त्यांनीसुद्धा.

---

तळेगावकर

मी इथे तळेगावात, टिव्हो प्रत्यक्षात पाहिलेलाही नाही, पण धागा वाचताना आमचीच गोष्ट वाटली. इथे केबल बदलली की आधीच्या कंपनीचा सेट टॉप बॉक्स माळ्यावर. मुंबईत नोव्हेंबर २०१२ पासून डिजिटल सक्तीचं झालं आणि पुण्याचा नंबर मार्च २०१३ अखेर आला, तेव्हापासून आमच्या घरात तीन बॉक्स साठलेत. तिन्ही चालू स्थितीतले, आणि तिन्ही निरुपयोगी, कारण प्रत्येकाच्या आतलं कुलूप वेगळ्या कंपनीचं. पैसे मात्र आपण भरलेले.

ट्रायने, म्हणजे आपल्या दूरसंचार नियामकाने, २०२० मध्ये शिफारस केली होती की बॉक्स कुठल्याही कंपनीकडे चालला पाहिजे, मला तेव्हा खरंच आशा वाटली होती. अमेरिकेत असं कार्ड खरोखर चालत होतं हे मला आज कळलं. ते कसं काय शक्य झालं, कुणी सांगेल का?

---

सोनचाफा

तळेगावकर, सांगते. माझं काम टेलिकॉमच्या नियमांशी संबंधित आहे त्यामुळे हा विषय जिव्हाळ्याचा, जरा लांबेल.

मूळ धागा टेलिफोनपर्यंत जातो. १९६८ च्या कार्टरफोन निकालात एफसीसीने, म्हणजे अमेरिकेच्या दूरसंचार नियामकाने, सांगितलं की फोन कंपनीच्या तारेला बाहेरचं यंत्र जोडायला बंदी करता येणार नाही, फक्त त्याने नेटवर्कला इजा होता कामा नये. त्यातून पुढे आन्सरिंग मशीन, फॅक्स, मोडेम हे सगळं दुकानात मोकळेपणाने मिळायला लागलं. हेच केबलच्या बॉक्सच्या बाबतीत व्हावं म्हणून १९९६ च्या टेलिकम्युनिकेशन्स ॲक्टमध्ये ६२९ वं कलम घातलं गेलं, की ग्राहकाला बॉक्स दुकानातूनही विकत घेता आला पाहिजे.

अडचण एन्क्रिप्शनची होती. कुलूप बॉक्सच्या आतच ठोकलेलं असेल तर बाहेरचा बॉक्स उघडणार कसा? म्हणून १९९८ मध्ये एफसीसीने ठरवलं की कुलपाचा भाग सुटा करा. तो सुटा भाग म्हणजे केबलकार्ड. आणि केबल कंपन्यांनी ते मनापासून चालवावं म्हणून अट घातली की त्यांच्या स्वतःच्या भाड्याच्या नव्या बॉक्समध्येही हेच कार्ड वापरायचं. मला ही अट सगळ्यात शहाणपणाची वाटते, कारण कार्ड बिघडलं तर कंपनीचे स्वतःचेच लाखो बॉक्स बिघडणार, मग दुरुस्ती आपोआप होणार. ही अट दोनदा पुढे ढकलली गेली आणि शेवटी १ जुलै २००७ ला लागू झाली.

पण ते टिकलं नाही. डिसेंबर २०१४ च्या स्टेलार कायद्याने ही अट काढली, ४ डिसेंबर २०१५ पासून कंपन्या पुन्हा कुलूप आत ठोकलेले बॉक्स देऊ शकत होत्या. २०१६ मध्ये तेव्हाचे एफसीसीचे अध्यक्ष टॉम व्हीलर यांनी नवीन प्रस्ताव आणला होता, तेव्हाची आकडेवारी अशी की ९९ टक्के ग्राहक बॉक्स भाड्याने घेतात आणि सरासरी कुटुंब वर्षाला २३१ डॉलर त्या भाड्यापोटी देतं. तो प्रस्ताव मंजूर झाला नाही. आणि सप्टेंबर २०२० मध्ये एफसीसीने केबलकार्डला सपोर्ट देण्याचे आणि त्याचे अहवाल भरण्याचे नियमच रद्द केले. कारण काय दिलं, तर दुकानातून घेतलेल्या यंत्रांतली कार्डं देशभरात सहा लाखांच्या आसपास, आणि कंपन्यांच्या स्वतःच्या बॉक्समधली पाच कोटींच्या वर.

मला याचं वाईट वाटतं ते असं की सहा लाख हा आकडा कमी दिसतो, पण ती सहा लाख कार्डं ज्यांच्या घरात आहेत त्यांनी नियमावर विश्वास ठेवून यंत्रं विकत घेतली होती.

---

कोकणकडा

मी थोडं वेगळं बोलतो, राग मानू नका. मी तीन वर्षांपूर्वी टिव्हो आणि केबल दोन्ही सोडून ऑनलाइन टीव्ही घेतला. तिथे रेकॉर्डिंग क्लाउडवर होतं, डिस्क भरायची भीती नाही, कार्ड नाही, पेअरिंग नाही, फोनवर तासभर कुणाशी बोलायला नको. रानवारा, तुम्ही जो वेळ या कार्डामागे घालवताय त्यात बाबांना नवीन रिमोट शिकवून होईल असं मला मनापासून वाटतं. शिवाय टिव्होने स्वतःच १ ऑक्टोबर २०२५ पासून एज हा त्यांचा रेकॉर्डर विकणं थांबवलंय, म्हणजे केबलवर चालणारा नवीन टिव्हो आता कंपनीकडून मिळतच नाही. कार्डं बनणार कुणासाठी? बुडत्या जहाजाला ठिगळ लावण्यात काय अर्थ आहे?

---

रानवारा

कोकणकडा, राग अजिबात नाही, तुमच्यासाठी ते योग्य ठरलं असेल. पण क्लाउडवरचं रेकॉर्डिंग आपलं नसतं हे मी जवळून पाहिलंय. माझ्या बहिणीकडे यूट्यूब टीव्ही आहे, तिथे रेकॉर्डिंग नऊ महिने राहतं मग जातं. माझ्या डिस्कवर बाबांनी राखून ठेवलेल्या मॅचेस आहेत, ते दर वर्षी आले की एखादी जुनी काढून बघतात. आणि रिमोट शिकवून होईल हेही खरं, पण ७८ वर्षांच्या माणसाला जे एक यंत्र हाताला बसलंय ते चालू स्थितीत असताना मी का बदलू?

बारा_व्होल्ट, स्क्रीन बघितली. ‘व्हॅल’ पुढे प्रश्नचिन्ह आहे. म्हणजे कार्ड जिवंत! कुणाशी आणि काय बोलायचं आता?

---

बारा_व्होल्ट

झकास. आता नेहमीच्या नंबरवर फोन करून ‘टीव्ही दिसत नाही’ असं म्हणू नका, ते तुम्हाला परत राउटरवर नेतील. बहुतेक कंपन्यांकडे केबलकार्ड ॲक्टिव्हेशनची वेगळी लाइन होती आणि काहींकडे अजून आहे. तिकडे ‘नवीन कार्ड पाहिजे’ असा शब्दही काढू नका. ‘माझ्या खात्यावर कार्ड आहे, पेअरिंग गेलंय, होस्ट आयडी आणि डेटा आयडी पुन्हा टाकून हिट पाठवा’ असं म्हणा. हिट म्हणजे हेडएंडवरून कार्डाला जाणारा संदेश. त्या वेळी रेकॉर्डर चालू पाहिजे आणि एखाद्या बंद चॅनलवर लावून ठेवा.

नंबर त्यांना दोन-दोन, तीन-तीन आकडे करून वाचायला लावा, आणि त्यांच्याकडे काय टाकलंय ते परत म्हणवून घ्या. मी काम करत होतो तेव्हा निम्म्याहून जास्त तक्रारी चुकीच्या टाकलेल्या एका आकड्याच्या असायच्या.

आणखी एक. दोन मोठे कार्ड बनवणारे होते, मोटोरोला आणि सायंटिफिक अटलांटा. पुढे ते धंदे हातोहात फिरले, मोटोरोलाचा ॲरिसकडे आणि मग कॉमस्कोपकडे, सायंटिफिक अटलांटा सिस्कोने घेतली आणि तो भाग नंतर टेक्निकलरकडे गेला. दोघांची कुलुपं वेगळी. म्हणजे दुसऱ्या गावातल्या मित्राकडे कार्ड पडलंय म्हणून ते तुमच्याकडे चालेल असं नाही. शिवाय ते त्या कंपनीच्या मालकीचं असतं आणि त्यांच्या यादीत असतं. ईबेवरून कार्ड घेण्यात पैसे घालवू नका.

---

पिंपळपार

आमच्या भागात याहून वरचं दुखणं आहे. आमची कंपनी स्विच्ड डिजिटल व्हिडिओ वापरते, म्हणजे सगळी चॅनल एकाच वेळी तारेवर नसतात, कुणी मागितलं तरच ते चॅनल तारेवर सोडतात. केबलकार्डवाल्या रेकॉर्डरला उलट दिशेने मागणी पाठवता येत नाही म्हणून यूएसबीने जोडायचा एक ट्यूनिंग ॲडॅप्टर देतात. तो डबा पण आता पंधराएक वर्षांचा झाला. दर दोन आठवड्यांनी त्याचा दिवा लुकलुकायला लागतो, मग रात्रीचं रेकॉर्डिंग गेलं.

मी एक उपाय केलाय, साधा प्लगला लावायचा टायमर घेतला, रोज पहाटे चार वाजता ॲडॅप्टरची वीज दोन मिनिटं बंद करून परत चालू करतो. गेले सात महिने एकही रेकॉर्डिंग चुकलं नाही. ज्यांच्याकडे ॲडॅप्टर आहे त्यांनी करून बघा, फक्त त्या वेळी काही रेकॉर्ड होत नाहीये ना ते बघा, रानवारांच्या बाबांची कसोटी पहाटे चारला पण चालू असेल तर वेळ बदलायला लागेल.

---

निळावंती

जर्मनीतून लिहितेय. इथे टीव्हीच्या मागे सीआय प्लसचा खाच असतो, त्यात कंपनीचं मॉड्यूल आणि स्मार्ट कार्ड घालायचं, काम जवळपास तुमच्या केबलकार्डासारखंच. युरोपात २००२ पासून नियमच आहे की ३० सेंटीमीटरपेक्षा मोठ्या पडद्याच्या डिजिटल टीव्हीला असा खुला सॉकेट पाहिजे. आणि ऑगस्ट २०१६ पासून जर्मनीत राउटरसुद्धा स्वतःचा लावता येतो, कंपनी नाही म्हणू शकत नाही. माझा राउटर मी स्वतः विकत घेतलाय, दोन घरं बदलली, तोच चालतोय.

सोनचाफा, तुमचा प्रतिसाद वाचून नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवला. नियम असेल आणि तो मागे घेतला नाही तर यंत्र टिकतं, एवढा साधा फरक आहे.

---

चंद्रकोर

मी इथे सहसा फक्त वाचते. पण या धाग्यावर लिहायचं धाडस करते कारण माझ्याकडे तळघरात एक जुना टिव्हो एचडी पडलाय, २००८ चा. आम्ही २०१५ ला केबल सोडली तेव्हापासून बंद.

त्यात एक रेकॉर्डिंग आहे. २००९ च्या गणपतीत आमच्या गावच्या मंडळाची मिरवणूक इथल्या लोकल चॅनलच्या बातम्यांत दाखवली होती. माझी आई तेव्हा पहिल्यांदा आणि शेवटचीच अमेरिकेत आली होती, तिने लेझीम खेळली होती आणि ते त्यात आलंय. आई २०११ ला गेली. आमच्याकडे तिचे फोटो भरपूर आहेत पण चालता-बोलता व्हिडिओ एकही नाही. तेव्हा आम्हाला वाटलं होतं की टिव्होवर आहे म्हणजे आहेच.

मागच्या आठवड्यात हा धागा वाचून तो वर आणला, वीज दिली, तर ‘वेलकम’ येतं आणि दोन मिनिटांनी परत पहिल्यापासून ‘वेलकम’. असं सारखं चालू राहतं. मुलगा म्हणतो डिस्क काढून कॉम्प्युटरला लावू. लावू का? काही मिळेल का? कार्ड तर आम्ही तेव्हाच परत केलं.

---

बारा_व्होल्ट

चंद्रकोर ताई, आधी प्लग काढा आणि सारखं चालू-बंद करू नका. आणि मुलाला सांगा डिस्क कॉम्प्युटरला लावून उघडू नकोस, विंडोज अनोळखी डिस्क दिसली की इनिशियलाइज करू का, म्हणजे नव्याने तयार करू का विचारतं, त्याला चुकून हो म्हटलं की संपलं.

आता नीट ऐका, चांगली बातमी आधी. आधीच रेकॉर्ड झालेलं बघायला केबलकार्ड लागत नाही. कार्ड येणारं चॅनल उघडतं, डिस्कवर टाकताना रेकॉर्डर स्वतःच्या किल्लीने बंद करतो. ती किल्ली मदरबोर्डवर असते. म्हणून ती डिस्क दुसऱ्या टिव्होत घातली तरी आईंचं रेकॉर्डिंग चालणार नाही, तोच डबा, तोच बोर्ड पाहिजे. डबा फेकला नाहीत हेच मोठं काम झालंय.

पुन्हा पुन्हा सुरू होण्याची कारणं दोनच जास्त करून, वीजपुरवठ्याच्या पाटीवरचे कपॅसिटर किंवा डिस्क. इतक्या वर्षांनी कुठल्याही कंपनीच्या यंत्रातले कपॅसिटर सुकतात, त्यात तळघरातला ओलावा. झाकण काढल्यावर उभे छोटे डबे दिसतील, ज्यांचं डोकं सपाट नसून फुगलंय ते गेले. ते बदलायला दहा डॉलरचं पण सामान लागत नाही. पण वीजपुरवठ्याच्या आत प्लग काढल्यावरही चार्ज राहतो, घरी हात घालू नका, टीव्ही किंवा ऑडिओ दुरुस्त करणारा शोधा. त्याच्याकडून आधी डिस्कची जशीच्या तशी प्रत दुसऱ्या डिस्कवर काढून घ्या आणि जुनी बाजूला ठेवा.

डबा सुरू झाला की पुढचं सोपं असायला हवं. प्रत्येक रेकॉर्डिंगवर कॉपीची खूण असते. विकतच्या चॅनलवर कंपन्या ‘एकदाच कॉपी’ लावतात, ते डब्याबाहेर निघत नाही. लोकल चॅनल बहुतेक वेळा मोकळी असतात. मोकळं असेल तर घरच्या नेटवर्कवरून केएमटीटीजी नावाच्या फुकट प्रोग्रॅमने कॉम्प्युटरवर उतरवता येतं. मीडिया ॲक्सेस की म्हणून दहा आकडी नंबर लागतो, तो टिव्होच्या सेटिंगमध्येच दिसतो.

तुम्ही कुठल्या भागात आहात ते मला खाजगी निरोपात कळवा, मी तिकडे कुणी माहितीतला आहे का बघतो.

---

सोनचाफा

रानवारा, कार्डाच्या लाइनवर काम झालं नाही तर एफसीसीच्या वेबसाइटवर अनौपचारिक तक्रार करा. फी नाही, वकील नाही. तक्रार कंपनीकडे जाते आणि त्यांना ३० दिवसांत लेखी उत्तर द्यावं लागतं. २०२० नंतर केबलकार्डाचे सपोर्टचे नियम राहिले नाहीत हे खरं, पण तक्रार गेली की ती फोनवरच्या पहिल्या माणसाकडे न राहता वरच्या टेबलावर जाते, आणि तिथे कधीकधी जुनं काम माहीत असलेला माणूस भेटतो. भाषा शांत ठेवा, तारखा आणि तिन्ही नंबर लिहा, आणि एकच मागणी करा, पेअरिंग पुन्हा करून द्या.

---

आडवाट

केबलचं दार बंद होत असेल तर अँटेना लावा असं बरेच जण सुचवतील म्हणून एक सावध सूचना. सध्याचं अँटेनावरचं प्रसारण, एटीएससी १.०, उघडं आहे, कुठलाही रेकॉर्डर घेऊ शकतो. टिव्हो बोल्ट आणि साधा रोमिओ अँटेनावर चालतात. रोमिओ प्लस आणि प्रो मात्र फक्त केबलवर, त्यामुळे रानवारांना तो रस्ता नाही.

पण नवीन एटीएससी ३.० मध्ये बरीच स्टेशन्स आता डीआरएम, म्हणजे कॉपी रोखणारं डिजिटल कुलूप, लावतायत. फुकट हवेतून येणारं चॅनल, त्याला कुलूप! माझ्याकडे एचडीहोमरन कंपनीचा अँटेनाला जोडायचा ३.० वाला ट्यूनर आहे, कुलूप लावलेली चॅनल त्यावर लागत नाहीत. म्हणजे केबलकार्डाची जी गोष्ट इथे चाललीय तीच पुढे अँटेनावर होऊ घातलीय. एफसीसीकडे लोकांनी याबद्दल हजारोंनी म्हणणं मांडलंय, आपणही मांडावं असं मला वाटतं. आत्ता मांडलं तर उपयोग आहे, पंधरा वर्षांनी कार्डं संपल्यावर नाही.

---

कोकणकडा

चंद्रकोर यांचा प्रतिसाद वाचून मी माझं मघाचं ‘बुडतं जहाज’ मागे घेतो. मी टिव्हो रिसायकलिंगला दिला तेव्हा डिस्कवर काय काय होतं ते बघितलंही नव्हतं. मुलीच्या शाळेचा एक कार्यक्रम लोकल चॅनलवर आला होता, तो त्यातच गेला.

---

रानवारा

अपडेट देतो. झालं!!

पहिल्या दिवशी कार्डाच्या लाइनवर ४० मिनिटं थांबलो, कॉल तुटला. दुसऱ्या दिवशी एक बाई भेटल्या, आवाजावरून वयस्कर. मी हिट म्हटल्याबरोबर त्या म्हणाल्या थांबा, आधी नंबर बघू. त्यांनी त्यांच्याकडचा डेटा आयडी वाचला, मी फोटोतला वाचला, शेवटून तिसरा आकडा वेगळा. माझ्याकडे ८, त्यांच्याकडे ३. वादळानंतर मी पहिल्यांदा फोन केला तेव्हा कुणीतरी नंबर पुन्हा टाकताना चूक केली असणार. त्यांनी दुरुस्त केलं, हिट पाठवली, मी स्क्रीनकडे बघत बसलो. मिनिटभर काही नाही. मग प्रश्नचिन्ह गेलं आणि ‘व्ही’ आलं. काळ्या पडद्यावर आधी आवाज आला आणि मग चित्र.

त्यांना विचारलं की नवीन कार्डं खरंच मिळणार नाहीत का. म्हणाल्या मिळणार नाहीत, पण जे खात्यावर आहे ते जपा, पॅकेज बदलू नका, घर बदललं तर आधी मला फोन करा. स्वतःचं एक्स्टेन्शन दिलं.

तर आता केलेल्या गोष्टी सांगतो, कुणाला उपयोग झाला तर बघा. तिन्ही नंबर मोठ्या अक्षरात कागदावर लिहून सेलोटेपने रेकॉर्डरच्या खाली चिकटवले. छोटा यूपीएस घेतला, म्हणजे लाइट गेली तरी रेकॉर्डर एकदम बंद पडणार नाही. डिस्क इतक्या वर्षांची आहे म्हणून तीन टीबीची नवीन आणून ठेवलीय, रोमिओ तेवढी स्वतःच फॉरमॅट करून घेतो. पण ती आत्ता घालत नाही, कारण घातली की बाबांच्या मॅचेस जुन्या डिस्कवर राहतील. जुनी कुरकुर करेल तेव्हा बघू. आणि कसोटीच्या रेकॉर्डिंगला शेवटी दीड तास जास्तीचा लावलाय, षटकं संथ टाकली की दिवस लांबतो आणि मागे एकदा बाबांची शेवटची चार षटकं गेली होती.

बारा_व्होल्ट, तुमचे उपकार. नोव्हेंबरात आईच्या हातचं काही पाठवता आलं तर पत्ता मागेन.

---

चंद्रकोर

दहा दिवस लागले लिहायला.

बारा_व्होल्ट यांनी सांगितलेल्या गृहस्थांकडे डबा घेऊन गेलो, आमच्यापासून दीड तासावर. त्यांनी आधी डिस्कची प्रत काढली, सहा तास लागले. तीन कपॅसिटर फुगलेले होते, ते बदलले. मग प्रतीची डिस्क घालून चालू केला आणि ‘वेलकम’ नंतर पुढची स्क्रीन आली, तेव्हा मी तिथेच खुर्चीवर बसले.

यादीत खाली खाली जात गेलो. २००९ सप्टेंबर, लोकल बातम्या. कॉपीची खूण नव्हती. माझ्या मुलाने तिथेच लॅपटॉपवर उतरवलं.

मिरवणुकीचा भाग एक मिनिट ५० सेकंदांचा आहे. त्यात आई सात सेकंद दिसते. हिरवी नऊवारी, पदर कमरेला खोचलेला, लेझीम चुकते आणि शेजारच्या बाईकडे बघून हसते आणि परत ठेका पकडते. आवाज ढोलांचाच आहे, तिचा नाही. पण ती चालते आहे, वळते आहे. माझ्या मुलाने आजीला असं कधी पाहिलं नव्हतं, तो तेव्हा दीड वर्षाचा होता आणि पुढच्याच फ्रेममध्ये बाबागाडीत झोपलेला तोही दिसतो.

तुम्हा सगळ्यांचे आभार कसे मानू कळत नाही.

---

बारा_व्होल्ट

ताई, डोळे भरून आले वाचताना.

ती फाइल आजच आणखी दोन ठिकाणी ठेवा, एक घराबाहेर, बहिणीकडे किंवा भावाकडे भारतात. उतरवलेली मूळ फाइल तशीच राहू द्या, मोबाइलसाठी छोटी करायची असेल तर वेगळी प्रत करून करा. आणि डबा परत तळघरात नको, वर एखाद्या कोरड्या कपाटात ठेवा, जुनी डिस्क त्याच्याच सोबत, पिशवीवर तारीख लिहून.

रानवारा, आईंच्या हातचं म्हणालात, बेसनाचे लाडू असतील तर पत्ता आत्ताच पाठवतो.